आवडलेल्या ट्रान्स मिक्ससारखे आणखी मिक्स शोधायचे कसे? (लांब, संथ चढणारे, गाणं कमी)

मंद_चढण

माझे आवडते ट्रान्स मिक्स (ट्रान्स म्हणजे सलग ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत; मिक्स म्हणजे डीजेने ट्रॅक एकमेकांत मिसळून बांधलेला सलग सेट) असे: साशा-डिगवीडचा 'नॉर्दर्न एक्स्पोजर' (१९९६), 'ग्लोबल अंडरग्राउंड' मालिकेतला निक वॉरनचा बुडापेस्ट (१९९९) आणि टिएस्टोच्या 'इन सर्च ऑफ सनराइज'चे पहिले तीन भाग. या सगळ्यांत मला भावतं ते एवढंच: तासभर हळूहळू चढत जाणारा सेट, एका ट्रॅकमधून दुसरा कधी आला ते पटकन कळू नये, गाणारा आवाज असलाच तर मागे असावा. दर चार मिनिटांनी हात वर करायला लावणारा ब्रेकडाउन (ठेका थांबून सूर उघडा पडतो ती जागा) नको.

अडचण ही, की यातला एखादा मिक्स लावून पुढे आपोआप वाजू दिलं की तिसऱ्या-चौथ्या उडीत मोठ्या फेस्टिव्हलच्या मुख्य मंचावरचे सेट सुरू होतात. 'बेस्ट प्रोग्रेसिव्ह ट्रान्स मिक्स' असं शोधलं तर तेच ते दळण. 'नवीन' म्हणजे मला नव्याने मिळालेलं. ते १९९८ चं असो की कालचं, चालेल. नुसती नावांची यादी नको, शोधायची रीत सांगा.

जुनी_तबकडी

आधी ॲप का चुकतं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दोन तासांचा मिक्स ही ॲपच्या लेखी एकच वस्तू असते: एक शीर्षक, एक चित्र, एक कालावधी. आतले वीस ट्रॅक कोणते, याच्याशी सूचनेचा फारसा संबंध नसतो. हा मिक्स ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, यावर मुख्य भर. आणि ट्रान्स ऐकणारे बहुतेकजण कधी ना कधी फेस्टिव्हलचे सेट लावतातच, त्यामुळे सगळे उतार तिकडेच जातात. तुमची आवड मिक्सच्या शीर्षकात सापडणार नाही, आतल्या ट्रॅकमध्ये सापडेल. तेव्हा माग ट्रॅकवरून काढायचा.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. आवडता मिक्स पुन्हा लावा आणि जिथे मान आपोआप डोलते त्या जागांची वेळ लिहा. एका मिक्समागे पाच-सहा जागा पुरेत. शेजारी एक शब्द लिहा: बेसलाइन (खालच्या जड सुरांची ओळ), सूर, ठेका, दोन ट्रॅकचा जोड, ब्रेकडाउन. हा शब्द गाळू नका. पाचपैकी चार जागा 'जोड' निघाल्या तर तुम्हाला ट्रॅकपेक्षा डीजेचा हात आवडतो, आणि मग त्याच डीजेचे इतर सेट शोधणं शहाणपणाचं. चार जागा 'बेसलाइन' निघाल्या तर डीजे सोडा, लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) धरा.

दुसरं, ट्रॅकलिस्ट, म्हणजे मिक्समधल्या ट्रॅकची क्रमवार यादी. त्यासाठी तीन साइट आहेत. सीडीवर निघालेल्या मिक्ससाठी डिस्कॉग्स सगळ्यात भरवशाचं, कारण तिथली यादी सीडीच्या वेष्टनावरून उतरवलेली असते. जुने रेडिओ कार्यक्रम आणि क्लबमधली रेकॉर्डिंग यांसाठी मिक्सेसडीबी. अलीकडचे साप्ताहिक शो आणि थेट सेट यांसाठी १००१ ट्रॅकलिस्ट्स. तिन्हीकडे नावं रोमन लिपीत टाका.

तिसरं, आणि सगळा खेळ इथेच आहे: उलटा शोध. तुमच्या पाच-सहा जागांवर जे ट्रॅक निघाले, ते आणखी कोणी कुठे वाजवले ते बघायचं. १००१ ट्रॅकलिस्ट्सवर ट्रॅकच्या नावावर क्लिक केलं की तो वाजलेल्या सेटची यादी येते. मिक्सेसडीबीवर कलाकार आणि ट्रॅक असं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. डिस्कॉग्सवर प्रगत शोधात ट्रॅकच्या नावाचा वेगळा रकाना आहे. तिथे नाव टाका आणि फॉरमॅटमध्ये 'मिक्स्ड' निवडा. सुट्या रेकॉर्ड गळून जातात आणि तो ट्रॅक असलेले मिक्स-संकलनच उरतात. ही चाळणी फार थोडे लोक वापरतात.

यात तीन ठिकाणी गाडी घसरते.

एक, गाजलेला ट्रॅक धरणं. प्रत्येक डीजेने वाजवलेला ट्रॅक शेकडो मिक्समध्ये सापडेल आणि त्यावरून काहीच कळणार नाही. उलट्या शोधासाठी यादीतला सगळ्यात अनोळखी ट्रॅक निवडा. रेकॉर्डची मागची बाजू, आडवळणाचा रीमिक्स, लेबलच्या पहिल्या दहातली एखादी आवृत्ती.

दोन, रीमिक्सचं नाव न बघणं. त्या काळात एकाच ट्रॅकच्या तीन-चार आवृत्त्या एकाच रेकॉर्डवर निघत: एक संथ, एक मुख्य, एक हार्ड ट्रान्स. मूळ नावाने शोधलंत तर तिन्ही गर्दी मिसळून येतील. कंसातलं नाव महत्त्वाचं.

तीन, वर्ष मोकळं सोडणं. ट्रॅक ज्या वर्षी निघाला त्याच्या एक वर्ष मागे-पुढे एवढीच खिडकी ठेवा. मागे यासाठी की नामवंत डीजेंना रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी प्रत मिळायची. पुढे यासाठी की वर्षभरात तो ट्रॅक डीजेच्या रेकॉर्डच्या पेटीतून बाहेर पडायचा. दहा वर्षांनी तोच ट्रॅक 'क्लासिक' म्हणून वाजवणाऱ्याचा सेट अगदी वेगळ्या जातीचा असतो. सलग गाजलेली गाणी, जोड आखूड, चढण नाही. तुम्हाला तेच नको आहे.

एक ट्रॅक समान असणं योगायोग. दोन अनोळखी ट्रॅक समान आणि वर्षही जुळतंय, तर मिक्स ऐकायला घ्या. तीन समान असतील तर तो डीजे लिहून ठेवा.

फिल्टर_स्वीप

वरची रीत बरोबर आहे, पण त्याआधी माणसं आणि लेबलं यांचा धागा धरला तर निम्मा वेळ वाचतो.

निक वॉरन आवडतो ना? तो आणि जोडी विस्टरनॉफ मिळून 'वे आउट वेस्ट'. तोच विस्टरनॉफ पुढे जेम्स ग्रँटबरोबर 'अंजुनाडीप'ची वार्षिक मिक्स-संकलनं करू लागला. म्हणजे तुमच्या १९९९ च्या बुडापेस्टपासून आजच्या 'अंजुनाडीप एडिशन' या साप्ताहिक मिक्सपर्यंत सरळ पायवाट आहे. त्या मालिकेत पाहुणे बदलत राहतात. ज्या पाहुण्याचा तास आवडेल त्याच्या नावाने पुढे जायचं. निक वॉरनचं स्वतःचं 'द साउंडगार्डन' आहे. डिगवीडचं 'बेडरॉक' आणि त्याचा 'ट्रान्झिशन्स' शो, हर्नान कतानियोचं 'सडबीट' आणि त्याचा 'रेसिडेंट', गाय जे याचं 'लॉस्ट अँड फाउंड'. हे सगळं तुमच्याच घराण्यातलं.

मागच्या बाजूला जायचं असेल तर 'प्लॅटिपस', 'हूज चून्स', सुरुवातीचं 'बेडरॉक', जर्मनीकडचं 'आय क्यू' आणि 'एमएफएस'. डिस्कॉग्सवर लेबलचं पान उघडून वर्षानुसार लावा आणि १९९३ ते २००० एवढंच बघा. बऱ्याच रेकॉर्डच्या पानावरच व्हिडिओ जोडलेले असतात, तिथल्या तिथे ऐकून ट्रॅक तुमच्या कामाचा आहे की नाही ते कळतं.

टोपणनावं विसरू नका. ओलिव्हर लीब म्हणजेच 'एल.एस.जी.' आणि 'पॅराग्लायडर्स'. फेरी कॉर्स्टन म्हणजेच 'सिस्टिम एफ' आणि 'मूनमन'. 'गुरिएला'ही त्याचंच, सुरुवातीला टिएस्टोसोबत. डिस्कॉग्सवर कलाकाराच्या पानावर त्याची बाकी नावं दिलेली असतात. एका नावाखाली संथ आणि दुसऱ्या नावाखाली वेगवान काम करण्याची पद्धतच होती, त्यामुळे माणूस आवडला तरी नाव तपासून घ्या.

आणि 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द शोधपेटीत एकटा टाकू नका. १९९६ मध्ये त्याचा अर्थ एक, २००४ मध्ये दुसरा, आणि पुढे काही वर्षं तर फेस्टिव्हलवरचं मोठ्या आवाजाचं हाउसही त्याच पाटीखाली विकलं जात होतं. तुम्हाला हवं तसं नवं संगीत आज दुकानांत ट्रान्सच्या कप्प्यात कमी आणि 'प्रोग्रेसिव्ह हाउस' किंवा 'मेलोडिक हाउस अँड टेक्नो' या कप्प्यांत जास्त मिळतं. बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन दुकानात ट्रान्सचेही आता दोन कप्पे आहेत, 'मेन फ्लोअर' आणि 'रॉ, डीप, हिप्नॉटिक'. तुम्ही पहिल्यात पाऊलही टाकू नका.

'इन सर्च ऑफ सनराइज'बद्दल एक सावधगिरी. टिएस्टोने सातव्या भागापर्यंत (२००८) मालिका केली. आठव्यापासून (२०१०) ती रिचर्ड ड्युरँडकडे गेली आणि पुढे आणखी हातांत. नाव तेच म्हणून तोच सूर लागेल असं धरू नका. मालिका हे दिशादर्शक म्हणून कच्चं साधन आहे. 'ग्लोबल अंडरग्राउंड'मध्येही प्रत्येक शहरामागे डीजे वेगळा. साशाचा सॅन फ्रान्सिस्को (१९९८) आणि डिगवीडचा हाँगकाँग (१९९९) तुम्हाला चालतील. त्याच मालिकेतले डॅनी टेनाग्लियाचे मिक्स उत्तमच, पण ते न्यूयॉर्कचं हाउस आहे, ट्रान्स नव्हे.

मंद_चढण

दोघांचेही आभार. तीन शंका.

१. ज्यांची ट्रॅकलिस्टच नाही अशा थेट रेकॉर्डिंगमध्ये शझाम (ऐकून ट्रॅकचं नाव सांगणारं ॲप) निम्म्या वेळा हात टेकतं, कधी भलतंच नाव देतं. उपाय काय?

२. यादीत जागोजागी नुसतं 'आयडी' लिहिलेलं असतं, त्याचं काय करायचं?

३. टेम्पोवरून गाळणी लावता येते का? मला ऐकून बीपीएम (मिनिटाला किती ठोके) सांगता येत नाही.

रात्रपाळी_१३८

क्रमाने सांगतो, पहिल्यावर जरा जास्त वेळ घेतो.

शझामसारखं साधन आवाजातली ठळक शिखरं टिपतं: कोणत्या वारंवारतेला, आणि एकमेकांपासून किती अंतराने. डीजेने वेग बदलला की हे अंतर बदलतं. १३२ बीपीएमचा ट्रॅक १३८ वर वाजवला तर तो साधारण ४.५ टक्के वेगाने पळतोय. रेकॉर्ड प्लेअरवर त्यासोबत सूरही चढतो, जवळजवळ पाऊण सेमीटोन. डिजिटल डेकवर सूर कुलूपबंद ठेवता येतो, पण शिखरांमधलं अंतर मात्र आवळलं जातंच. ओळख चुकते ती इथे.

दुसरं कारण जोडाचं. १३२ बीपीएमला ३२ बार म्हणजे १२८ ठोके, म्हणजे सुमारे ५८ सेकंद. प्रोग्रेसिव्हवाले ६४ बारही सहज घेतात, म्हणजे जवळपास दोन मिनिटं दोन ट्रॅक एकत्र वाजत असतात. या काळात शझाम चालवणं व्यर्थ. जोड संपल्यावर किमान मिनिटभर थांबा, आणि पुढचा ट्रॅक आत यायच्या आधी पकडा. सर्वांत चांगली जागा ब्रेकडाउनची: ठेका थांबलेला, मुख्य सूर उघडा.

तरी जमलं नाही तर तो दीड-दोन मिनिटांचा तुकडा ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. जुनं, रेकॉर्डवरून वाजवलेलं असेल तर वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा. डिजिटल सेट असेल तर फक्त टेम्पो बदलणारा. उणे २, उणे ४, उणे ६ टक्के असे तीन तुकडे करून प्रत्येकावर शझाम चालवा. १३८ वरून १३२ ला उतरायचं तर उणे ४.३५ टक्के. टेक्निक्सच्या नेहमीच्या टर्नटेबलवर वेगाची पट्टी ८ टक्के वर-खाली एवढीच जाते, म्हणून त्यापलीकडे शोधण्यात अर्थ नाही. अधिक बाजूही एकदा तपासा. पहाटेच्या सेटमध्ये ट्रॅक मुद्दाम संथ केलेले असतात.

भलतंच नाव येतं ते बहुतेकदा गायकीमुळे. डीजे एका ट्रॅकवर दुसऱ्याचा नुसता आवाज चढवतो, साधन आवाज ओळखतं आणि खालचा ट्रॅक अनोळखीच राहतो. नाव आलं की मूळ ट्रॅक काढून बेसलाइन जुळते का ते ऐका. सूर जुळला, बेसलाइन नाही, तर तो रीमिक्स आहे किंवा वरून चढवलेला आवाज. ट्रॅकलिस्टवर डब्ल्यू आणि तिरपी रेघ (w/) दिसली तर त्याचा अर्थ हाच: हा ट्रॅक वरच्यासोबतच वाजला.

'आयडी'चे दोन प्रकार. 'आयडी – आयडी' म्हणजे कोणालाच माहीत नाही, सोडून द्या. 'अमुक कलाकार – आयडी' म्हणजे कलाकार कळलाय, ट्रॅक अजून निघालेला नाही. सेटची तारीख बघा आणि त्या कलाकाराची पुढच्या सहा-आठ महिन्यांतली प्रकाशनं तपासा. बहुतेकदा त्यातच असतो. १००१ ट्रॅकलिस्ट्सवर लोक नंतर येऊन रिकाम्या जागा भरतात, म्हणून ताज्या सेटचं पान दोन महिन्यांनी पुन्हा उघडावं. या याद्या वाचकांनीच भरलेल्या असतात हेही लक्षात असू द्या. वेळ मिनिटभर इकडेतिकडे असणं नेहमीचं, आणि रेडिओवरून उतरवलेल्या प्रतीत सुरुवातीची बडबड कापलेली असेल तर सगळ्याच वेळा सरकतात.

बीपीएमसाठी कान लागत नाही, घड्याळ लागतं. ३० सेकंद किकचे (जड, 'धप्' असे) ठोके मोजा आणि दुप्पट करा. ६२ ठोके म्हणजे १२४, ६६ म्हणजे १३२, ६९ म्हणजे १३८. सॉफ्टवेअरने ६९ किंवा २६४ असा आकडा दिला तर घाबरू नका, अर्धा-दुप्पट झालाय.

ढोबळ पट्टे असे: संथ प्रोग्रेसिव्ह १२० ते १२८, नव्वदीच्या अखेरचं प्रोग्रेसिव्ह ट्रान्स १२८ ते १३५, अपलिफ्टिंग (वेगवान, भव्य सुरांचं ट्रान्स) १३६ ते १४०, गोवा आणि सायट्रान्स बहुतेक १४० ते १४८. पण टेम्पोची गाळणी फक्त नकारासाठी वापरा. १३८ दिसलं तर मंद_चढण यांनी पुढे जावं हे ठीक. १२८ दिसलं म्हणून आवडेलच असं नाही. फेस्टिव्हलवरचं मोठ्या आवाजाचं हाउसही १२८ लाच चालतं.

उजळ_कडा

ॲपच्या सूचनांना इथे सरसकट नावं ठेवली जातायत, ते काही पटत नाही. चूक खाऊ घालण्यात आहे.

मिक्स खाऊ घालू नका, सुटे ट्रॅक घाला. स्पॉटिफायवर नवी प्लेलिस्ट करा, त्यात १५ ते २० ट्रॅक टाका, सगळे पाच बीपीएमच्या आतले आणि एकाच काळातले. प्लेलिस्टच्या तळाशी सुचवलेले ट्रॅक येतात. त्यातले दोन-तीनच घ्या, यादी ताजी करा, पुन्हा दोन-तीन. एखादा जरी भव्य गायकीचा ट्रॅक आत शिरला तरी पुढच्या सूचना तिकडे झुकतात, तो लगेच काढा. पन्नासेक ट्रॅक झाले की थांबा आणि यादीत पुन्हा पुन्हा येणारी लेबलं व कलाकार टिपा. त्या नावांनी मिक्स शोधा.

एक खाचखळगा: शीर्षकापुढे 'मिक्स्ड' असं लिहिलेला ट्रॅक घेऊ नका. तो संकलनातून कापलेला तुकडा असतो, त्याच्या मागे-पुढे शेजारच्या ट्रॅकचं शेपूट लागलेलं असतं. मूळ सुटी आवृत्ती शोधा, शक्यतो 'एक्स्टेंडेड' किंवा 'ओरिजिनल'. तीन-साडेतीन मिनिटांची रेडिओ आवृत्ती तर नकोच.

व्हिडिओच्या साइटवर वेगळी खिडकी उघडून, खात्यातून बाहेर पडून शोधा, म्हणजे जुना इतिहास मध्ये येत नाही. लांबीची गाळणी लावा, सगळ्यात मोठा पर्याय. शोधशब्दांतून 'बेस्ट', 'टॉप', 'एपिक' आणि वर्षाचा आकडा काढून टाका; त्याऐवजी 'वॉर्मअप सेट', 'ओपनिंग सेट', 'ओपन टू क्लोज', 'ऑल नाइट लाँग' असं टाका, अर्थात रोमनमध्ये. डीजे स्वतः चढवतो तेव्हा शीर्षक कोरडं असतं: नाव, जागा, तारीख. सूर्यास्त, समुद्र आणि 'भाग २७' दिसला की ती दुसऱ्या कोणी बांधलेली गठडी समजा.

साउंडक्लाउडवर आणखी एक वाट. आवडलेला मिक्स फारसा न ऐकला गेलेला असेल, समजा काही शे वेळा, तर तो 'लाइक' करणाऱ्यांची नावं उघडा. इतक्या कोपऱ्यातला मिक्स शोधून काढणाऱ्या माणसाच्या बाकीच्या आवडी तुमच्याशी जुळण्याची शक्यता दांडगी. लाखो वेळा ऐकलेल्या मिक्सवर हेच केलं तर गर्दीच हाती लागते.

जुनी_तबकडी

@उजळ_कडा, २००५ नंतरच्या संगीतासाठी मान्य. त्याआधीचं पुष्कळसं फक्त रेकॉर्डवर निघालं आणि स्ट्रीमिंगवर आलेलंच नाही. जे दुकानात नाही ते सुचवणार कोण? नव्वदीसाठी डिस्कॉग्सला पर्याय नाही.

साउंडक्लाउडवरची युक्ती मात्र चोख आहे.

लाटांवर_लाट

मध्येच घुसतो. माझा मासला वेगळा: डीजे पॉल ओकनफोल्डचा 'गोवा मिक्स', बीबीसी रेडिओ १ च्या 'इसेन्शियल मिक्स'वरचा, डिसेंबर १९९४. 'गोवा ट्रान्स मिक्स' असं शोधलं की जे येतं ते त्याच्यासारखं अजिबात वाटत नाही. बेस नुसता घोड्यासारखा दौडतो, सूर गायब.

ॲसिड_रेषा

कारण तुम्हाला शोधात बहुतेक आजचं फुल-ऑन सायट्रान्स मिळतंय. ओळखायची खूण: किकनंतर लगेच तीन सोळांश मात्रांचे बेसचे ठोके, ट्रॅकभर तसेच. गोवा ट्रान्समध्ये वजन वरच्या थरांवर असतं. तीन-चार ॲसिड रेषा (सिंथेसायझरच्या किरकिरत्या, वळत जाणाऱ्या सुरांच्या ओळी) एकमेकींत गुंततात, सूर पूर्वेकडच्या वळणाचे, आणि सात-आठ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये शेवटची दोन मिनिटं सगळ्यात दाट.

शिवाय तो मिक्स शुद्ध गोवा ट्रान्स नाहीच. त्याचे 'सिल्व्हर' आणि 'गोल्ड' असे दोन भाग आहेत, आणि ट्रॅकच्या मधे व्हॅंगेलिसचं 'ब्लेड रनर'मधलं संगीत वगैरे पेरलेलं आहे. तुमच्या मनात घर करून बसलेल्या जागा त्या सांध्यांच्या असतील तर कोणत्याही गोवा सेटने समाधान होणार नाही. वर सांगितलेला वेळ लिहिण्याचा प्रयोग आधी करा. सांधे निघाले तर १९९४-९५ चे बाकीचे 'इसेन्शियल मिक्स' चाळा. कार्यक्रम १९९३ पासूनचा, दर आठवड्याला दोन तास, मिक्सेसडीबीवर वर्षवार मांडलेला आहे.

ॲसिड रेषा निघाल्या तर लेबलं धरा: 'ड्रॅगनफ्लाय', 'टिप', 'फ्लाइंग ऱ्हायनो', 'ब्लू रूम रिलीज्ड', काळ १९९४ ते १९९७. 'मॅन विथ नो नेम' हे त्या मिक्समधलं नाव आहेच. सायमन पॉसफर्डचं 'हॅल्युसिनोजेन' (पहिला अल्बम १९९५, 'ड्रॅगनफ्लाय'वर) आणि 'ॲस्ट्रल प्रोजेक्शन' ही पुढची दोन. ही नावं ट्रॅकलिस्टमध्ये एकत्र दिसली की मिक्स बहुधा तुमचा.

नव्याने त्याच शैलीत काम करणाऱ्यांसाठी बेल्जियमचं 'सनट्रिप' बघा. एक्टोप्लाझम या साइटवर मोफत आणि कायदेशीर प्रकाशनांचा मोठा साठा आहे, शैलीनुसार लावलेला. तिथे 'गोवा' निवडा, 'फुल-ऑन' आणि 'डार्क' वगळा. संकलनातल्या कलाकारांची नावं उचलून साउंडक्लाउडवर त्यांचे सेट शोधायचे. यातले बरेचजण 'लाइव्ह सेट' लावतात, म्हणजे फक्त स्वतःचेच ट्रॅक. जोड साधे असतात, ते डीजे सेटशी तोलू नका.

रात्रपाळी_१३८

कोणी अपलिफ्टिंगच्या शोधात इथे पोचलं असेल तर थोडक्यात: सोलरस्टोनचा 'प्युअर ट्रान्स', अली अँड फिलाचा 'फ्यूचर साउंड ऑफ इजिप्त', लेबलांत 'सबकल्चर' आणि 'कर्नेज'. डीजे आर्मिन व्हॅन ब्यूरेनचा 'अ स्टेट ऑफ ट्रान्स' हा शो २००१ पासून चालू आहे, पण मधल्या वर्षांत त्याचा रंग पुष्कळ बदललाय. म्हणून भाग निवडताना ट्रॅकलिस्टवरची लेबलं आधी बघा, मग वेळ घाला. 'अबव्ह अँड बियाँड'च्या 'ग्रुप थेरपी'त (२०१२ पासून, त्याआधी 'ट्रान्स अराउंड द वर्ल्ड') शेवटी पाहुण्याचा मिक्स असतो. नवी नावं हेरायला मुख्य भागापेक्षा तो तुकडा जास्त कामाचा.

मंद_चढण

शेवटचा प्रश्न. या रीतीने उमेदवार भराभर जमतील असं दिसतंय. दोन-दोन तासांचे वीस मिक्स पूर्ण ऐकणं शक्य नाही. चाळायचे कसे?

जुनी_तबकडी

चार ठिकाणी सुई टेकवा, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं.

पहिली मिनिट ५ ला. सुरुवात लगेच भरगच्च किक आणि गायकीने झाली असेल तर तुमच्यासाठी तो सेट तिथेच संपला. दुसरी पाव रस्त्यावर, म्हणजे दोन तासांत मिनिट ३० ला, आणि तिसरी मध्यावर. या दोन्हींत ३० सेकंदांचे ठोके मोजा. संथ चढणाऱ्या सेटमध्ये टेम्पो तेवढाच किंवा दोन-तीन बीपीएमने वर गेलेला असतो. एकदम आठ-दहाची उडी म्हणजे गाणी जोडलीत, सेट बांधलेला नाही. चौथी शेवटून पंधरा मिनिटांवर. तिथला ट्रॅक आवडला पण सुरुवात आवडली नाही, तर तो डीजे त्या रात्री शेवटी वाजवत होता; त्याच्याच नावापुढे 'वॉर्मअप' लावून पुन्हा शोधा.

ट्रॅकलिस्ट असेल तर ट्रॅकची संख्या आधीच बोलते. तासाला दहा ते बारा म्हणजे लांब जोड आणि तुमची चाल. तासाला अठरा-वीस म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा फक्त गाभा वाजतोय, ऐकायची गरजच नाही. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून तिथे एका तबकडीवर बारा-चौदा ट्रॅक ठीक.

आणि जो पसंत पडेल त्याची ट्रॅकलिस्ट त्याच दिवशी मजकूर म्हणून उतरवून ठेवा, डीजे, जागा, तारीख यांसकट. मिक्स हक्कांच्या तक्रारींमुळे उडतात, चढवणाऱ्याचं खातं बंद होतं, दुवा मरतो. नाव आणि तारीख हाताशी असेल तर तीच रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाकडे सापडते. चढवणाऱ्याने स्वतः डाउनलोडचं बटण दिलं असेल तर प्रत घेऊन ठेवा: दोन तास ३२० केबीपीएसला सुमारे २८८ एमबी, १२८ ला ११५. मोठी घ्या; हाय-हॅट आणि ॲसिडची वरची धार १२८ मध्ये आधी जाते.